बेटकरचं बेट

बेटकर मला कधी आवडला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाला वाटायला नको की म्हाताऱ्याला मैत्रीचा उमाळा आलाय. तेरा वर्षं तो बहरैनमधल्या तुबलीच्या आमच्या गॅरेजात लेथ मशीनवर उभा राहिला. त्यातली बरीच वर्षं माझ्या घरी जेवला. माझ्या बायकोला त्यानं हसवलं. आणि ती गेली तेव्हा तिच्याजवळ तो होता, मी नव्हतो. एवढं झाल्यावर माणूस आवडून घ्यायचा म्हणजे मला तरी जमत नाही.

बेटकर हे त्याचं खरं आडनाव नव्हे. व्हिसावर सदानंद कुबल होतं. पण गॅरेजात आल्यापासून आठ दिवसांत पोरांनी त्याचं नाव बदललं, कारण त्याच्या तोंडात दुसरा विषयच नव्हता. कुणी म्हणावं, आज गरम आहे. हा म्हणणार, "त्या बेटावर उन्हाळ्यातपण स्वेटर लागता." कुणी म्हणावं, कांदा महाग झाला. हा म्हणणार, "थंय बटाट्याशिवाय काय पिकत नाय, तरी कोण रडत नाय." मालवणकर, वेंगुर्लेकर, तसा हा बेटकर.

बेट कुठलं, तर ट्रिस्टन. पुढं आणखी दोन शब्द आहेत त्या नावाला, ते मी कधी धड म्हटले नाहीत, म्हणावेसे वाटलेही नाहीत. आफ्रिकेच्या टोकापासून बोटीनं आठवडाभर गेलं की समुद्राच्या मधोमध एक डोंगर वर आलेला आहे. डोंगर म्हणजे ज्वालामुखी. त्याच्या पायथ्याशी हातरुमालाएवढी सपाट जागा, आणि तिथं एकच गाव. विमान नाही, रस्ता नाही, शेजारी नाही. दोन-अडीचशे माणसं आणि सगळ्यांची मिळून सहा-सात आडनावं. बेटकर तरुणपणी मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात होता. भर समुद्रात त्याचं अपेंडिक्स फुटायला आलं, आणि कप्तानानं जवळ जे होतं तिथं त्याला उतरवला. जवळ म्हणजे तीन दिवसांवर. गावच्या छोट्या दवाखान्यात त्याचं पोट फाडलं, शिवलं. पण तोवर जहाज निघून गेलं होतं. दुसरं येईपर्यंत हा तिथंच.

हे सांगताना तो शर्ट वर करून पोटावरचा टाका दाखवायचा. माझ्या बायकोला. माझ्याच घरात.

आता बायकोचं सांगतो. तिचं नाव सुमन. मी घाटावरचा, आजऱ्याकडचा. ती घाटाखालची, वेंगुर्ल्याच्या बाजूची. लग्न झालं तेव्हा तिला समुद्र सोडून आमच्या काजूच्या रानात यावं लागलं, आणि ते तिनं मला कधी विसरू दिलं नाही. पुढं मी बहरैनला आलो, गाड्यांचे पोचे काढायचं काम लागलं, मग त्या खात्याचा फोरमन झालो. पोरगा संदीप शिकला, हिशेबनीस झाला, ईसा टाउनमध्ये घर केलं आणि आम्हा दोघांना जवळ घेतलं. सुमननं घरात बसून काय करायचं म्हणून गॅरेजातल्या सहा-सात एकट्या माणसांना शुक्रवारी जेवायला घालायला सुरुवात केली. मासे, सोलकढी, भात. त्या सहा-सात जणांत बेटकर आला.

पहिल्याच शुक्रवारी दोघांना कळलं की आपली गावं दोन डोंगर अलीकडं-पलीकडं आहेत. झालं. दोघं मालवणीत सुरू. पंचवीस वर्षं सुमन माझ्याशी माझ्या भाषेत बोलत होती, इतकी चांगली की ती तिची नाही हे मी विसरून गेलो होतो. त्या दिवशी ती तिच्या भाषेत बोलायला लागली आणि मला घरात कुणी परकी बाई आल्यासारखं वाटलं. हसणंसुद्धा वेगळं. वरच्या पट्टीतलं.

बेटकरची जेवायची एक तऱ्हा होती. ताटात भात आला की तो खायचा नाही. आधी दोन्ही हातांनी त्याचा डोंगर करायचा. मग बोटानं शेंड्याला खळगा पाडायचा. एका बाजूला लिंबाची फोड ठेवायची, ते गाव. मग वाटीतली आमटी त्या खळग्यात ओतायची आणि म्हणायचं, "हंय डोंगर फुटलो!" आमटी भातावरून वाहत लिंबाकडं यायची. सुमन ओट्यापाशी उभी राहून बघायची. दर शुक्रवारी बघायची. आमटी लिंबाला लागते का, हे तिला जसं काही माहीतच नव्हतं.

"मगे?" ती विचारायची. "मगे काय झाला?"

"लिंबाच्या बाजून गेला. गावाक लागूक नाय."

"देवान राखल्यान गो बाई!"

मी म्हणायचो, "भात खायला असतो. थंड होतोय."

त्यावर बेटकर माझ्याकडं बघून म्हणायचा, "पावणं, तुमी जेवा." पावणं हे त्यानं मला ठेवलेलं नाव. आम्हा घाटावरच्यांची चेष्टा. माझ्या घरात मला पाहुणा म्हणणारा हा पहिलाच माणूस.

बेटावर एका म्हातारीच्या घरी त्याला ठेवलं होतं. तिच्यासोबत बसून तो बटाटे सोलायचा आणि ती पट्ट्यापट्ट्यांचे मोजे विणता विणता त्याला बेटाचा इतिहास सांगायची. इंग्रजी त्याला जहाजावरचं येत होतं. किती कळलं, किती त्यानं भर घातली, देव जाणे. पण सांगायचा असा की जसं त्याच्याच आजोळचं सांगतोय. पहिल्यांदा तिथं इंग्रजांचे शिपाई येऊन राहिले होते. मग हुकूम आला, परत फिरा. सगळे गेले, एक शिपाई म्हणाला, मी नाही येत. बायको-पोरांसकट तिथंच राहिला. मग फुटलेल्या जहाजांतले आणि वाट चुकलेले दोन-चार पुरुष येऊन मिळाले. आता पुरुष झाले, बाया नाहीत. म्हणून त्यांनी येणाऱ्या एका कप्तानाला सांगितलं, आमच्यासाठी दुसऱ्या बेटावरून बायका आण. आणि त्यानं खरोखर आणल्या! किनाऱ्यावर हे सगळे नवरे दाढ्या करून उभे. त्यातला एक म्हणाला, "पयली उतरतली ती माजी."

इथं सुमन हसून हसून डोळे पुसायची. "आणि त्येंका कोणी विचारूचा नाय? बाईलमाणसांका?"

"तुका कोणी विचारलेला?" बेटकर.

"माका?" ती माझ्याकडं बोट करायची. "ह्येंका बघूक मी माळ्यार चढलंय. वरसून नुसता टक्कल दिसला."

सगळी पंगत हसायची. मीही हसायचो, दात दाखवायला काय लागतं. पण ही माळ्याची गोष्ट तिनं मला कधी सांगितली नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि मला ती बेटकरच्या बेटामुळं कळली.

मी त्याला पकडायला बघायचो. एकदा तो म्हणाला, नऊ आठवडे राहिलो. मी म्हटलं, "मागल्या वेळी सात होते." मला वाटलं, आता सापडला. सुमन आतून ओरडली, "आठवडे मोजूक तुमी थंय होतास काय?" पुन्हा सगळे हसले. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "बेट-बेट काय लावलंय, आपण बहरैनात काय डोंगरावर राहतो? हेपण बेटच आहे." तर ती म्हणाली, "ह्या कसला बेट? हेका पूल आसा."

खरं सांगायचं तर माझ्याकडं सांगायला काही नव्हतं. हाच माझा रोग. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे पोचे ठोकून सरळ केले. चांगलं केलं की तिथं पोचा होता हेसुद्धा कुणाला कळत नाही. असल्या कामाची गोष्ट काय सांगणार? बेटकरकडं अख्खं बेट होतं.

गॅरेजातही त्याचं बेट मला आडवं यायचं. एकदा त्यानं बनवलेला एक बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणारं कडं, ढिला बसला. माझ्या खात्यात आलेली गाडी अडली. मी फोरमन, मी त्याला चारचौघांत बोललो. त्यानं हात पुसले आणि शांतपणे म्हणाला, "पावणं, बुश परत करून देतंय. पण आवाज खाली. थंय पयल्या शिपायान कागद लिवन ठेवलोहा, कोण कोणाच्या वर नाय. सगळ्यांचा सारखा."

मी म्हटलं, "हे तुबली आहे."

"म्हणान तर सांगतंय."

पोरांना मजा आली. पुढचे आठ दिवस मला कुणी फोरमन म्हणेना. आमच्या अरबाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, कानावर गेलं. त्यानं बेटकरला बोलावून विचारलं, तो कागद काय आहे. बेटकरनं त्यालाही सांगितला, मोडक्या हिंदीत, आणि दोन अरबी शब्द घालून. अरबाब पोट धरून हसला आणि त्याला खजूर दिले. मला कधी दिले नव्हते.

खोलीला तो कुलूप लावायचा नाही, कारण बेटावर कुलूप नाही. खोलीतले बाकीचे दोघं शिव्या घालायचे. बस चुकली, व्हिसा अडला, पार्ट आला नाही, काहीही झालं की त्याचं एकच ठरलेलं, "जहाज येतला तेवा येतला." मला त्या वाक्याची चीड होती. आणि एक दिवस घरी पाण्याची मोटर बिघडली तेव्हा सुमन तेच वाक्य बोलली. मी जेवलो नाही त्या दिवशी.

मग मी एक डाव टाकला. हुशारी केली असं तेव्हा वाटलं होतं.

दिवाळी आली. सुमनला सख्खा भाऊ नव्हता, बेटकरला बहीण नव्हती. लग्नही त्यानं केलं नव्हतं. मी म्हटलं, "भाऊबीजेला त्याला ओवाळ की. बिचाऱ्याला कोण आहे?" म्हटलं आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. मनात काही काळंबेरं असेल तर चेहऱ्यावर दिसेल, आणि नसेल तर एकदा भाऊ म्हणून खुंटीला बांधला की प्रश्न मिटला. बायकोचा भाऊ झाला म्हणजे काय राहिलं?

ती तर नाचायचीच बाकी होती. पाट, रांगोळी, निरांजन, करंज्या. बेटकर इस्त्रीचा शर्ट घालून आला, पाटावर बसला, आणि ओवाळताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. संदीपची मुलगी इंग्रजी शाळेतली, तिनं फोटो काढला आणि म्हणाली, "सो स्वीट, आजी." मला वाटलं, चला, खुंटी पक्की बसली.

बसली ती माझ्याच छातीत. भाऊजी होता तोवर तो शुक्रवारी यायचा, दारात चप्पल काढून विचारायचा, "येव काय?" भाऊ झाल्यावर विचारणं बंद. मंगळवारी यायचा, बुधवारी यायचा, सरळ स्वयंपाकघरात. वहिनी म्हणायचा ते सोडून 'बाय' म्हणायला लागला. ती त्याला दादा म्हणायला लागली, तो वयानं लहान असून. आता तिचं माहेर झालं होतं, आणि माहेर मीच आणून दिलं होतं. माहेरच्या माणसाला कोण अडवणार? वर मला दमात घ्यायचा हक्कही त्याला मिळाला. "पावणं, बायक कवा तरी समुद्रार न्हेवा. किती दिवस झाले, विचारा." न्यायचा तो मीच, आणि मागच्या सीटवर हे दोघं, बेटावर.

एक दिवस गॅरेजात तो माझ्याजवळ आला. आवाज वेगळा होता. म्हणाला, "पावणं, बायचा दम लागता. जिन्यार दोनदा बसली. पाय सुजलेत. डॉक्टराक दाखवा."

मी हातातला हातोडा खाली ठेवला नाही. म्हटलं, "बायको माझी आहे."

"म्हणान तर तुमका सांगतंय."

मी दाखवलं नाही. दाखवणार होतो, पण त्यानं सांगितल्यावर लगेच कसं दाखवायचं? दोन महिने गेले. मग संदीपच्याच लक्षात आलं. सलमानियाच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब आहे, फुप्फुसात पाणी झालंय. आधी आणलं असतं तर, असं त्यांनी म्हटलं नाही. मी वाट बघत होतो म्हणतील म्हणून. नाही म्हटले.

पाच दिवस ती तिथं होती. मी सकाळपासून खुर्चीवर बसायचो. काय बोलायचं? "पाणी देऊ?" "नको." "उशी नीट करू?" "बरी आहे." मग मी भिंतीकडं बघायचो, ती छताकडं. अडतीस वर्षं संसार केलेली माणसं. मला वाटायचं काहीतरी बोलावं. पण जे बोलायचं ते तोंडापर्यंत यायचं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी बेटकर कामावरून सुट्टी घेऊन आला. हातांना ग्रीसचा वास. ती त्याला बघून उजळली. ते मी बघितलं. सकाळपासून माझ्यासमोर पडून असलेला तो चेहरा, आणि हा आल्यावर त्यावर आलेलं ते तेज. ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, पयल्यापासून सांग."

त्यानं खुर्ची ओढली. "एक शिपाय होतो..."

मी उठलो. म्हटलं, "चहा पिऊन येतो." तिनं मान हलवली, माझ्याकडं न बघता. खाली जाऊन मी करक, म्हणजे इकडचा कडक दुधाचा चहा घेतला. संपला. लगेच वर जायला पाहिजे होतं. नाही गेलो. म्हटलं, होऊ दे त्यांचं बेट. दुसरा घेतला. तो मुद्दाम हळू प्यायलो.

वर आलो तर पडदा ओढलेला होता. बेटकर बाहेर भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "पावणं, गेली."

बहरैनात आपल्या लोकांचं सगळं होतं, स्मशानपण आहे. तिथं एका जाणत्या बाईनं विचारलं, "माहेरचं कोण आहे? माहेरचं लुगडं लागेल." सवाष्ण गेली की शेवटचं लुगडं माहेरचं. बेटकर गर्दीतून पुढं आला, काखेत पिशवी होती. "मी आसंय," म्हणाला. हिरवं लुगडं होतं, बारीक काठाचं. तिला आवडलं असतं असं. मला तसं निवडता आलं नसतं. त्यानं ते तिच्यावर पसरलं, काठ सरळ केला. मग लोक भेटायला आले, आणि निम्मे लोक आधी त्याला धरून रडले.

त्या दिवसानंतर बेटकरनं बेटाचं नाव टाकलं.

खोटं नाही. एकदम बंद. गॅरेजात जेवताना भात सपाट ठेवून खायचा. नवीन आलेल्या एका केरळच्या माणसानं विचारलं, "सुना है आप किसी आयलंडपे था?" तर म्हणाला, "मफी. कुछ नहीं." पोरं माझ्याकडं बघायला लागली. आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. हा गप्प का? याचा अर्थ शेवटी ती याला काहीतरी बोलली. मी खाली चहा फुंकत बसलो होतो आणि तिनं अडतीस वर्षांचं काहीतरी याच्या पदरात टाकलं. काय टाकलं? माझ्याबद्दल असणार. वाईट असेल तर वाईट, मला पाहिजे होतं. ते माझं होतं. मी त्याला विचारलं, "शेवटी काय बोलली?" तो म्हणाला, "मागीर सांगतंय," म्हणजे नंतर. दुसऱ्यांदा विचारलं, तेच. तिसऱ्यांदा तो मला बघून रस्ता बदलून गेला.

वर्षभर मी हे चघळलं. शुक्रवार बंद झाला होता. माझं घर रिकामं, आणि तिचं शेवटचं बोलणं त्या माणसाच्या खोलीत, जिला कुलूपही नाही.

मग यंदा त्याचा व्हिसा संपला. नजर अधू झाली होती, लेथवर माप चुकायला लागलं होतं. तो कायमचा गावी निघाला. विमानतळावर सोडायला कोण जाणार, विचार चालला होता. मी म्हटलं, मी सोडतो. पोरांनी एकमेकांकडं बघितलं.

दुपारची वेळ होती. एक जुनी पेटी आणि एक पिशवी, तेरा वर्षांचं एवढंच सामान. गाडीत पुढं बसला. तुबलीची खाडी मागं पडली. मुहर्रकचा पूल आला. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. विमानतळाच्या पार्किंगला गाडी लावली आणि दरवाजे आतून बंद केले.

"सदानंद," मी म्हटलं. त्याचं खरं नाव मी पहिल्यांदा घेतलं. "ती काय बोलली, ते सांगितल्याशिवाय मी तुला उतरू देणार नाही. विमान गेलं तर जाऊ दे."

तो हातांकडं बघत बसला. मग म्हणाला, "काय्येक बोलूक नाय ती."

"खोटं बोलतोस."

"आईशपथ. मी सांगत होतंय. तिना डोळे मिटले. माका वाटला, मिटून आयकता. तशी आयकायची ना ती कधी कधी? मी सांगतच रवलंय. मगे नर्स इली, हात धरून बघितल्यान, आणि माझ्या खांद्यार हात ठेवल्यान. तवसर मी बोलत होतंय, पावणं. बाय कवाच गेली होती. माका कळूक नाय. मेलेल्या माणसाक मी बेट सांगत बसलंय." त्याचा आवाज फुटला. "कसा सांगू तुमका? तोंड नाय होता."

मी स्टिअरिंग धरून बसलो. म्हणजे काही नव्हतंच. ज्याच्यावर मी वर्षभर जळलो ते बोलणं नव्हतंच. हलकं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. तुम्हाला वाटेल, आता तरी याचा जळफळाट संपला असेल. नाही संपला. मला त्याचाही हेवा वाटला. ती जाताना कुणीतरी तिच्याशी बोलत होतं, आणि गेल्यावरही बोलत राहिलं. मी तिच्याशी उभ्या संसारात एका बैठकीत दहा मिनिटं कधी बोललो नाही.

"कुठपर्यंत आली होती गोष्ट?" मी विचारलं.

"कशी समाजतली? मी सांगत होतंय, तिच्याकडे बघत नव्हतंय. आयकताना तिच्याकडे बघला तर ती लाजायची."

"मग पहिल्यापासून सांग."

"आता?"

"आता. त्या दिवशी सांगितलीस तश्शी. काही गाळू नको."

त्यानं घड्याळ बघितलं. मग सांगायला लागला. आधी अडखळत, मग नेहमीसारखा. शिपाई राहिला. जहाजं फुटली. दाढ्या करून नवरे उभे राहिले. मी एकेक शब्द धरून ठेवत होतो. इथं गेली असेल का? पहिली उतरेल ती माझी, इथं? इथं ती नेहमी हसायची, हसता हसता गेली असेल. पण मग वाटलं नाही, तिला पुढचं ऐकायचं असणार. अर्ध्यातून उठणारी बाई नव्हती ती. अर्ध्यातून उठणारा मी.

डोंगर फुटला. पुढचं मी कधी ऐकलंच नव्हतं, कारण तिथवर मी हात धुवायला गेलेलो असायचो. सगळ्या गावाला होड्यांतून, जहाजातून इंग्लंडला नेलं. एकही माणूस मागं राहिला नाही. तिथं घरं दिली, कामं दिली, दिवे, बस, दुकानं. म्हाताऱ्यांना तिथली हवा मानवेना, खोकून खोकून काही गेले. एका म्हाताऱ्याला रस्त्यात अडवून लुटलं, त्याला कळेना याला लुटणं म्हणतात. दोन वर्षांनी सरकारनं विचारलं, राहता की जाता? कुणाला वाटलं नव्हतं, पण जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले, जातो. परत गेले. होड्या लावायचा किनारा लाव्ह्यानं बुजला होता. घरं मात्र उभी होती.

"थांब," मी म्हटलं. "इथं?"

"माहीत नाय, पावणं."

"परत गेल्याचं तिनं ऐकलं का?"

"माहीत नाय."

मी दरवाजे उघडले. त्याची पेटी मी उचलली, त्यानं नको म्हटलं तरी. काचेच्या दारापाशी पहारेकऱ्यानं मला अडवलं, आत फक्त तिकीटवाला. बेटकरनं माझे दोन्ही हात धरले. तो आत गेला. लंगडत गेला, गुडघा धरला होता त्याचा.

रांगेत उभा राहिला, आणि एकदम मागं वळला. कपाळावर हात मारला. पेटी तशीच सोडून काचेजवळ आला आणि बोलायला लागला. काहीतरी राहिलं होतं सांगायचं. जाड काच, मला एक शब्द ऐकू येईना. हात हलवत होता, काहीतरी विणल्यासारखी बोटं करत होता, मग पायाच्या घोट्याकडं दाखवत होता, एक, दोन, तीन, चार असे पट्टे ओढत होता. बेटावरचंच काहीतरी गाळलेलं असणार, पण काय ते मला समजलं नाही. मागून लोक त्याला ओलांडून जात होते. पहारेकरी म्हणाला, "खलास, बाबा, यल्ला," म्हणजे पुरे, निघा. पण तो माझ्याकडं बघत सांगतच राहिला, आणि मी काचेला हात लावून मान हलवत उभा राहिलो.